पोरं लहान आहेत, पण नुसतं तेवढं सांगून भागत नाही

२८ नोव्हेंबर २०२५, थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशीचा शुक्रवार. अमेरिकेत लिंकनला आपल्याच घरच्या मैदानावर आमची नेब्रास्का विद्यापीठाची फुटबॉल टीम आयोवाकडून ४०-१६ नी हरली आणि स्टेडियमच्या पायऱ्या उतरताना माझ्या पुढेमागे दोनच वाक्यं ऐकू येत होती. एक, "पोरं लहान आहेत, वेळ द्या." दुसरं, "बस झालं आता, कोच बदला नाहीतर पोरं बदला." तेव्हापासून रेडिओवर तेच, ऑफिसात तेच, केस कापायला गेलो तिथं तेच, इथल्या मराठी लोकांकडे जेवायला गेलो तर पानावर मसालेभात वाढून घेताना पण तेच. मी सतरा वर्षांपूर्वी नागपूरहून इथे शिकायला आलो आणि इथलाच झालो, ही टीम आता माझी आहे, त्यामुळे या वादात मी बाहेरचा नाही. आणि मनापासून सांगतो, हा वाद दोन्हीकडून फार वाईट पद्धतीने चाललाय. "वेळ द्या" वाल्यांना विचारलं की बाबा वेळ देऊन नेमकं काय होणार, तर उत्तर नाही. "बदला" वाल्यांना विचारलं की बदलून कोण आणणार आणि तो पोरगा कुणी घडवलेला असणार, तर तिथेही उत्तर नाही.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. "किती वेळ द्यायचा" हा प्रश्नच चुकीचा आहे. मिळालेल्या वेळात तीच पोरं एकमेकांच्या शेजारी उभी राहून शिकतायत का, एवढं बघायचं. शिकत असतील तर हरली तरी जीव लावून त्यांच्या मागे उभं राहायचं. शिकत नसतील तर टीम तरुण आहे की अनुभवी, त्याने काही फरक पडत नाही, तिथे कोचला जाब विचारायलाच पाहिजे. तरुण टीमच्या फॅनने आशा ठेवायची ती पोरांच्या घडण्यावर, कॅलेंडरवर नाही.

ज्यांना अमेरिकेतलं कॉलेज फुटबॉल माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. नेब्रास्का हे शेतीचं राज्य, मका आणि गुरं, मोठ्या लीगची एकही प्रोफेशनल टीम नाही. जे काही आहे ते हे विद्यापीठ आणि त्याची ही टीम. १९६२ च्या नोव्हेंबरपासून मेमोरियल स्टेडियमची प्रत्येक मॅच फुल असते, २०२४ च्या सप्टेंबरमध्ये सलग ४०० वी हाऊसफुल मॅच झाली. ८५,००० च्या वर माणसं, मॅचच्या दिवशी ते स्टेडियम म्हणजे राज्यातलं तिसरं मोठं शहर होतं असं इथे म्हणतात. गेटवर कोरलंय की या दारातून कॉलेज फुटबॉलमधले सगळ्यात मोठे फॅन आत जातात. आणि पाहुणी टीम मैदान सोडते तेव्हा, आपण हरलो तरी, लोक उभं राहून त्यांच्यासाठी टाळ्या वाजवतात. मी पहिल्यांदा ते बघितलं तेव्हा अंगावर काटा आला होता. अशा लोकांना "तुम्हाला धीर नाही" असं कुणी म्हणू नये. वडिलांची सीट मुलाला आणि मुलाची नातवाला मिळते, तिकिटाचे पैसे शेतीच्या हिशोबातून बाजूला काढून ठेवतात, ते जर चिडत असतील तर त्यांना तो हक्क आहे.

आता धीरवाल्यांचा मुद्दा घेऊ, कारण मी स्वतः मनाने त्यांच्यातला आहे आणि आपल्या माणसाची चूक आधी दाखवायला पाहिजे. हे लोक सारखं आमचे जुने कोच टॉम ऑस्बोर्न यांचं नाव घेतात. १९७३ ला त्यांनी टीम हातात घेतली आणि पहिलं राष्ट्रीय विजेतेपद आलं १९९४ ला, बाविसाव्या सीझनला. मग १९९५, मग १९९७. "बघा, बावीस वर्षं थांबलो म्हणून मिळालं." ऐकायला छान वाटतं पण हे उदाहरण इथे लागूच होत नाही हो! ऑस्बोर्न यांनी २५ सीझनमध्ये एकदाही नऊपेक्षा कमी मॅचेस जिंकल्या नाहीत, २५५ विजय, ४९ पराभव, ३ बरोबरीत. लोक तेव्हा थांबले होते ते शेवटच्या पायरीसाठी, आपण थांबलोय जिन्याच्या तळाशी. आमचे कोच मॅट रूल यांचे तीन सीझन बघा, आधी विजय मग पराभव: ५-७, ७-६, ७-६. याला ऑस्बोर्नचा धीर म्हणणं हा त्या माणसावर अन्याय आहे आणि आपल्या डोळ्यांत धूळ आहे.

धीर आंधळा असला की काय होतं ते आपण स्कॉट फ्रॉस्टच्या वेळी भोगलंय. आपल्या मातीतला पोरगा, १९९७ च्या विजेत्या टीमचा क्वार्टरबॅक (म्हणजे बॉल हातात घेऊन चाल चालवणारा मुख्य खेळाडू), कोच म्हणून युसीएफ विद्यापीठाला एक सीझन १३-० करून आलेला, २०१८ ला कोच होऊन घरी परत आला तेव्हा लोक रडले होते. दरवर्षी तेच ऐकायचो, टीम तरुण आहे, थोडक्यात हरलो, पुढच्या वर्षी बघा. २०२१ ला ३-९, आणि त्या नऊच्या नऊ मॅचेस दहापेक्षा कमी पॉइंटनी हरलो. तेव्हा मी पण म्हणत होतो की बघा किती जवळ आहोत. पण जवळ येऊन त्याच ठिकाणी, त्याच चुकीने, नऊ वेळा पडणं याला शिकणं म्हणत नाहीत. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये घरच्या मैदानावर जॉर्जिया सदर्नकडून ४५-४२ हरल्यावर त्यांना काढलं, एकूण हिशोब १६-३१. दिलेला वेळ काही कमी नव्हता. त्या वेळात घडत काहीच नव्हतं, आणि आम्ही प्रेमापोटी ते बघायला तयार नव्हतो.

मग शिकणं दिसतं कसं? माझ्या शेजारच्या सीटवर राज्याच्या पश्चिम भागातले एक शेतकरी आजोबा बसतात, सत्तरीच्या पुढचे, चार तास गाडी चालवून येतात. त्यांनी मला फुटबॉल बघायला शिकवलं असं म्हटलं तरी चालेल. ते कोपराने ढोसून सांगतात, "बॉलकडे बघू नकोस, गार्डकडे बघ." ऑफेन्सिव्ह लाईनमध्ये क्वार्टरबॅकला वाचवायला पाच दणकट पोरं खांद्याला खांदा लावून उभी असतात, त्यात मधल्याच्या बाजूचे दोघं गार्ड आणि कडेचे दोघं टॅकल. समोरची टीम एक चाल करते तिला स्टंट म्हणतात: समोरचे दोघं एकमेकांना ओलांडतात, आतला बाहेर पळतो आणि बाहेरचा वळसा घालून आत घुसतो. कच्चा गार्ड काय करतो, तर आपल्या माणसामागे जातो. त्याला वाटतं हा माझा, मीच अडवायचा. आणि त्याने सोडलेल्या जागेतून दुसरा सरळ आत येतो, तीन सेकंदांच्या आत क्वार्टरबॅक जमिनीवर. तयार गार्ड आपला माणूस शेजारच्या टॅकलच्या हातात सोपवतो आणि जागेवर थांबून नवीन येणाऱ्याला घेतो. सोपवताना तो शेजारी बघत पण नाही. त्याला माहीत असतं की शेजारचा तिथे असणार.

हे "माहीत असणं" कुठून येतं? दोघं शेजारी शेजारी शेकडो वेळा, ऑगस्टच्या उन्हात, प्रॅक्टिसला उभे राहिलेले असतात तिथून येतं. ते चेकने विकत घेता येत नाही, आणि दर जानेवारीला पाचातले तीन पोरं बदलली तर ते कधीच येत नाही. गेल्या सीझनला त्या आजोबांच्या शेजारी बसून मी आमच्या लाईनमधल्या एका पोराकडे बघत होतो. सप्टेंबरमध्ये तो तीनदा माणसामागे धावला, तिन्ही वेळा आजोबांनी टोपी काढून मांडीवर आपटली. नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी, यूएससीविरुद्ध, त्याने एकदा नीट सोपवला. त्या खेळीत मिळाले असतील चार यार्ड, कुणी टाळी वाजवली नाही, आजोबांनी फक्त माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. आम्ही ती मॅच २१-१७ हरलो. पण तरुण टीमचा फॅन म्हणून मला जगायला जे लागतं ते त्या चार यार्डांमध्ये होतं.

त्याच मॅचमध्ये आमचा क्वार्टरबॅक डिलन रायोलाचा पाय मोडला आणि टीजे लटीफ नावाचा पहिल्या वर्षाचा पोरगा आत आला. पुढच्या आठवड्यात युसीएलएच्या मैदानावर त्याची पहिली सुरुवात, २८-२१ जिंकलो, पंधरापैकी तेरा पास पूर्ण, तीन टचडाऊन. लगेच सगळीकडे, मिळाला, भविष्य मिळालं! मग पेन स्टेट ३७-१०, मग आयोवा ४०-१६, मग लास वेगासच्या बोल मॅचला (सीझननंतरची खास मॅच) युटा ४४-२२, आणि तीच माणसं म्हणायला लागली की हा पोरगा काही कामाचा नाही. अरे, पहिल्या मॅचला त्याच्या खेळाची फिल्म कुणाकडेच नव्हती, नंतरच्यांकडे होती. अठरा-एकोणीस वर्षांच्या पोराला एका मॅचमध्ये देव करायचं आणि तीन मॅचमध्ये भंगारात काढायचं, ही कुठली पद्धत? आपल्या घरातलं पोर बारावीला असताना एका युनिट टेस्टवरून आपण त्याचं आयुष्य ठरवतो का?

आता "बदला" वाल्यांचा सगळ्यात जड मुद्दा, आणि तो खरंच जड आहे, मी तो हलका करणार नाही. इंडियाना. कॉलेज फुटबॉलच्या इतिहासात सगळ्यात जास्त मॅचेस हरलेली टीम म्हणून जिची ओळख होती ती इंडियाना. २०२३ च्या शेवटी कोच कर्ट सिग्नेटी आले, ट्रान्सफर पोर्टलमधून, म्हणजे कॉलेज बदलू बघणाऱ्या खेळाडूंच्या यादीतून, पोरं उचलली, पहिल्याच वर्षी ११-२, आणि दुसऱ्या वर्षी १६-० करून जानेवारी २०२६ मध्ये मायामीला २७-२१ हरवून राष्ट्रीय विजेते. क्वार्टरबॅक फर्नांडो मेंडोझा कॅलिफोर्नियाहून आणलेला, त्याला हाइझमन ट्रॉफी, म्हणजे वर्षातल्या सगळ्यात चांगल्या खेळाडूचा मान. दोन वर्षं! मग आम्हाला कोण सांगतंय की टीम घडवायला पाच वर्षं लागतात? आमच्या कोचचं तर स्वतःचं गणित तिसऱ्या वर्षाचं होतं, आधीच्या विद्यापीठांत बघा, टेम्पलला २-१०, ६-६, मग १०-४. बेलरला १-११, ७-६, मग ११-३. आमच्याकडे तिसरं वर्ष आलं आणि ७-६ वर संपलं. वर सीझन चालू असतानाच त्यांचा करार २०३२ पर्यंत वाढवून दिला, ती घाई मला तेव्हाही पटली नव्हती आणि आजही पटत नाही. हे सगळं मान्य.

पण इंडियाना नीट उघडून बघा. सिग्नेटी आले ते एकटे नाही आले, त्यांच्या आधीच्या कॉलेजातून, जेम्स मॅडिसनहून, त्यांच्यासोबत डझनभर पोरं आली. लाईनबॅकर एडन फिशर, कॉर्नरबॅक डी'अँजेलो पॉन्ड्स, रिसीव्हर इलायजा सॅरट, डिफेन्सिव्ह एंड मिकेल कमारा, ही पोरं या कोचच्या हाताखाली आधीच शिकलेली होती, आणि २०२५ ला विजेतेपद आलं तेव्हाही ती तिथेच होती. म्हणजे ज्याला आपण दोन वर्षांचा चमत्कार म्हणतोय तो प्रत्यक्षात एकाच शाळेत एकत्र शिकलेला वर्ग होता, फक्त शाळेची इमारत बदलली. त्या पोरांना मोठ्या शाळांनी बारावीनंतर विचारलंही नव्हतं. कुणीतरी त्यांना घडवलं, एका लहान कॉलेजच्या मैदानावर, कुणाचं लक्ष नसताना. मला त्या उदाहरणात माझाच मुद्दा दिसतो. इंडियानाकडून शिकायचंच असेल तर "विकत घ्या" हा अर्धा धडा झाला, "घडलेली आणि एकमेकांना ओळखणारी घ्या, आणि मग टिकवा" हा पूर्ण. आणि सगळ्यांनीच फक्त विकत घ्यायचं ठरवलं तर जेम्स मॅडिसनचं काम करणार कोण?

ज्यांनी अर्धाच धडा घेतला त्यांचं काय झालं तेही डोळ्यांसमोर आहे. फ्लोरिडा स्टेट २०२३ ला १३-१, पोर्टलमधून आणलेल्या पोरांच्या जोरावर. ती निघून गेली, पुन्हा पोर्टलमधूनच जागा भरल्या आणि २०२४ ला २-१०. कोलोरॅडोने २०२३ ला जवळपास अख्खी टीम पालटली, ४-८, मग ९-४, मग मोठी नावं गेली आणि ३-९. एका वर्षाचं पीक उसन्या बियाण्यावर येतं, पण दरवर्षी उसनंच आणायचं तर वावर आपलं राहिलं का?

मी विदर्भातला आहे म्हणून मला हे सगळं बघताना जामठ्याचं मैदान आठवतं. आम्ही लहान असताना रणजीत विदर्भ म्हणजे बाकीच्यांना पॉइंट देणारी टीम. पेपरात स्कोअर शोधायचा तर आत कुठेतरी दोन ओळी. मग २०१७-१८ ला इंदूरला दिल्लीला हरवून पहिलं रणजी विजेतेपद, आणि लगेच पुढच्या वर्षी दुसरं. आता या गोष्टीचं पण दोन्ही बाजूचे लोक अर्धंच सांगतात. कुणी म्हणतं, मुंबईहून कोच चंद्रकांत पंडित आणि वासिम जाफर आणले म्हणून जिंकले. कुणी म्हणतं, आपल्या अकॅडमीतली पोरं होती म्हणून जिंकले. अहो, दोन्ही होतं, आधी घरची पोरं आणि मग पाहुणे! फायनलमध्ये हॅटट्रिक घेणारा रजनीश गुरबाणी आपला, शतक ठोकणारा अक्षय वाडकर आपला, कॅप्टन फैज फझल आपला, ही पोरं वर्षानुवर्षं एकत्र हरून तयार झाली होती. जाफर त्यांच्या मधे आला आणि मोठी इनिंग खेळायची म्हणजे काय ते दुसऱ्या एंडला उभं राहून दाखवलं. पाया तयार होता म्हणून वरचा मजला चढला. २०२४-२५ ला पुन्हा विजेते, यावेळी कर्नाटकचा करुण नायर पाहुणा म्हणून, आणि ६९ विकेट्सचा रेकॉर्ड करणारा हर्ष दुबे घरचा. आणि त्या फायनलला समोर केरळकडून कोण होता? आदित्य सरवटे, ज्याने २०१८-१९ च्या फायनलला ११ विकेट्स घेऊन आम्हाला जिंकून दिलं होतं. मला त्याचा एक मिनिट राग आला नाही. त्याने आमच्यासाठी जे केलं ते केलं, पुढे खेळायची जागा त्याला दुसरीकडे मिळाली, तो गेला. त्याचं आमच्यावरचं ऋण त्याने कमी होत नाही.

हेच मला इथल्या लोकांना सांगावंसं वाटतं, कारण रायोला पोर्टलमधून ओरेगनला गेला तेव्हा त्याच्याबद्दल जे बोललं गेलं ते ऐकून मला वाईट वाटलं. वीस वर्षांचा पोरगा, पाय मोडलेला, त्याच्या काकांना, जे आमच्या लाईनचे कोच होते, सीझन संपल्या संपल्या काढलेलं. तो गेला तर गद्दार? आणि ओल मिस प्लेऑफच्या दारात असताना तिथले कोच लेन किफिन टीम सोडून एलएसयूला गेले, त्यांना काय म्हणायचं मग? कोच करार मोडून जातो तेव्हा तो करिअर, पोरगा जातो तेव्हा ती गद्दारी, हा न्याय कुठला? अनेक वर्षं या पोरांच्या घामावर विद्यापीठांनी स्टेडियमं बांधली आणि पोरांना सांगितलं की तुम्ही हौशी आहात, तुम्हाला पैसे नाहीत. २०२१ ला सुप्रीम कोर्टाने ९-० नी एनसीएएच्या, म्हणजे कॉलेज खेळांचे नियम ठरवणाऱ्या संघटनेच्या, विरोधात निकाल दिला, त्याच वर्षी जुलैपासून पोरांना स्वतःच्या नावावर कमवायची मोकळीक मिळाली, २०२५ च्या जुलैपासून तर विद्यापीठं थेट पैसे देऊ शकतात, पहिल्या वर्षी साधारण २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत. हे उशिरा झालं, पण योग्य झालं. त्यामुळे "पोरांनी निष्ठेने राहावं" असं उपदेशाचं बोलणं मला मान्य नाही. मी म्हणतोय ते वेगळं आहे. पोराला राहावंसं वाटेल असं काहीतरी तिथे असलं पाहिजे, आणि ते तयार करण्यात आपण फॅन पण आहोत. आपण त्याला दुसऱ्या मॅचला देव आणि पाचव्या मॅचला भंगार म्हणणार असू तर तो का राहील?

न्डामुकाँग सूचं उदाहरण मला इथे सारखं आठवतं. २००७ ला कॅन्सासने आमच्यावर ७६ पॉइंट केले होते, ७६-३९, आमचा डिफेन्स म्हणजे उघडं फाटक झालं होतं. त्या टीममध्ये सू होता. दोनच वर्षांनी, २००९ च्या नोव्हेंबरमध्ये, मी नवीन नवीन इथे आलेलो, कुणीतरी एक जादाचं तिकीट दिलं म्हणून ओक्लाहोमाची मॅच बघायला गेलो. नियम कळत नव्हते, थंडीने बोटं वळत नव्हती, पण मधे एक माणूस होता ज्याला दोघं-तिघं मिळून अडवत होते आणि तो अडत नव्हता, एवढं मलाही कळलं. १०-३ जिंकलो. शेजारच्याने सांगितलं हा पाचव्या वर्षाचा आहे, याला दोन वर्षांपूर्वी बघायला हवा होतास. त्या सीझनला तो हाइझमनच्या शर्यतीत चौथा आला. मधल्या काळात कोच बदलला होता, हे मी लपवत नाही, "कोच बदला" वाल्यांनी हे उदाहरण खुशाल घ्यावं, २००७ नंतर बदल हवाच होता आणि बो पेलिनींच्या हाताखाली तो खेळाडू झाला. पण पोरगा तोच होता! आजचे नियम तेव्हा असते तर ७६-३९ नंतरच्या आठवड्यात त्याला किती फोन आले असते, आणि त्याहून वाईट, आपल्यातलेच किती जण म्हणाले असते की या सगळ्यांना काढा आणि नवीन आणा?

कोच बदलायचा तरी कशासाठी, हा पण प्रश्न आहेच. २००३ ला आम्ही फ्रँक सोलिचना ९-३ वर काढलं. त्यांचा एकूण हिशोब ५८-१९ होता. पुढच्याच वर्षी ५-६, १९६१ नंतरचा पहिला तोट्याचा सीझन. २०१४ ला पेलिनींना ९-३ वर काढलं. त्यानंतर आजपर्यंत आपण नवाचा आकडा एकदाच बघितलाय, २०१६ ला. वर्तणुकीबद्दल, मोठ्या मॅचेस हरण्याबद्दल तेव्हा खरे आक्षेप होते, मी नाकारत नाही. पण "हा नको" एवढं ठरवलं आणि "मग कोण आणि कशासाठी" हे ठरवलंच नाही, त्याची किंमत वीस वर्षं मोजतोय.

मग आशा ठेवायची तर कुणाच्या उदाहरणावर? माझ्या मते व्हर्जिनिया टेक. फ्रँक बीमर १९८७ ला आले, सहाव्या वर्षी, १९९२ ला, २-८-१. सहा वर्षांनी दोन विजय! त्यांना ठेवलं, पण गप्प बसून ठेवलं नाही, सहाय्यक कोच बदलायला लावले. १९९३ ला ९-३, आणि तिथून २०१५ ला निवृत्त होईपर्यंत दरवर्षी बोल मॅच, सलग २३. १९९९ ला राष्ट्रीय फायनलला पोचले तेव्हा क्वार्टरबॅक मायकल विक, जो आदल्या वर्षी एकही मॅच न खेळता रेडशर्ट म्हणून बाजूला बसून फक्त शिकला होता. मला हे उदाहरण आवडतं कारण इथे धीर पण आहे आणि जाब पण आहे. आमच्याकडे पण आयोवाच्या मॅचनंतर डिफेन्सचे मुख्य कोच आणि लाईनचे कोच दोघं बदलले. ते बरोबर झालं असं मला वाटतं, कारण नोव्हेंबरमध्ये धावणाऱ्याला अडवायला आपल्याकडे कुणी नव्हतं आणि ती पहिल्या वर्षाच्या पोराची चूक नव्हती.

घडणं आपल्याकडे होतच नाही असंही नाही. एमेट जॉन्सन बघा. मिनेसोटाचा पोरगा, फार गाजावाजा न होता आला, २०२२ ला रेडशर्ट, मग दोन वर्षं इतरांसोबत वाटून खेळला, गेला नाही, थांबला, आणि २०२५ ला १,४०० च्या वर यार्ड धावून आमच्या बिग टेन लीगमधला सगळ्यात चांगला रनिंग बॅक (बॉल घेऊन धावणारा) ठरला. चार वर्षं लागली. त्याच्या तिसऱ्या वर्षी कुणी विचारलं असतं की याच्यावर वेळ का घालवता, तर आकड्यांत उत्तर नव्हतं, प्रॅक्टिसमध्ये होतं.

एक गोष्ट मात्र मला फार लागते, आणि तिच्याबद्दल दोन्ही बाजू गप्प आहेत. पोरांना थेट पैसे द्यायच्या त्याच नव्या समझोत्याने टीममध्ये १०५ च पोरं ठेवायची मर्यादा आली. आमच्याकडे दीडशेच्या आसपास असायची, कारण वॉक-ऑनची परंपरा, म्हणजे स्कॉलरशिप नाही, स्वतःच्या खर्चाने येणारी, हजार-दोन हजार वस्तीच्या गावातली पोरं, जी तीन वर्षं फक्त प्रॅक्टिसमध्ये मार खायची आणि चौथ्या वर्षी एखादा उठून स्टार्टर व्हायचा. प्रत्येक गावात असा एक पोरगा असायचा म्हणून अख्खं गाव लिंकनला यायचं. पैशांचा न्याय झाला हे चांगलं झालं, पण या पोरांची जागा का जावी? यावर आपण ओरडायला पाहिजे होतं. आपण ओरडत होतो क्वार्टरबॅकच्या किमतीवर.

येत्या सीझनला मला काय हवंय ते सांगतो. मी विजयांचा आकडा धरून बसणार नाही. मला हवंय की लाईनमधली पाच पोरं सप्टेंबरमध्ये जी उभी असतील त्यातली चार तरी नोव्हेंबरमध्ये तीच असावीत आणि स्टंट आला की माणूस सोपवता यावा. मला हवंय की पोर्टलमधून आणलेला प्रत्येक पोरगा एखाद्या खऱ्या रिकाम्या जागेसाठी असावा, घरच्या पोराची वाढ अडवण्यासाठी नाही. मला हवंय की पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या पोरांपैकी जी पुढच्या जानेवारीला राहतील त्यांची संख्या या जानेवारीपेक्षा जास्त असावी. आणि हे काहीच झालं नाही, तीच चूक त्याच ठिकाणी पुन्हा पुन्हा दिसली, तर "पोरं लहान आहेत" म्हणणाऱ्यांच्या रांगेत मी नसेन, फ्रॉस्टच्या वेळी होतो तेवढं पुरे.

मार्चमध्ये आजोबांचा फोन आला होता. गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, पायऱ्या चढता येतील की नाही माहीत नाही, पण दोन्ही सीटचे पैसे भरलेत म्हणाले. मी विचारलं, यावर्षी काय वाटतं? म्हणाले, "तो गार्ड थांबलाय ना?" मी म्हटलं, हो, थांबलाय. "मग मी येतो," म्हणाले.